मिरवणुकीचा मार्ग कोण ठरवतं? : गेडिस यांची इंदुरी दिवाळी आणि आपले रहिवासी संघ

आश्विन महिन्यात इंदूरच्या कुठल्याही वसाहतीत जा आणि रहिवासी संघाचा सूचनाफलक वाचा. मजकूर ठरलेला असतो. घरातलं भंगार आणि जुन्या गाद्या अमुक रविवारी खाली आणून ठेवा. ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका निळ्या डब्यात. अंगण सजावटीची स्पर्धा, मुलांची किल्ला स्पर्धा, आणि पाडव्याच्या सकाळी पोहे-जिलबी. आपण हे वाचतो, पुढे जातो. साफसफाई आणि सण यांची ही सांगड आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की तिलाही इतिहास असेल असं मनात येत नाही. तो आहे, आणि शंभर वर्षांहून जुना आहे. या टिपणात तो मांडायचा आहे. मी शिक्षणानं आणि नोकरीनं इंजिनिअर, पाणी आणि सांडपाणी हा माझा जन्मभराचा विषय. म्हणून इतिहासाच्या गोष्टीत मध्येच गटाराच्या उताराचा हिशोब आला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पॅट्रिक गेडिस हे नाव इंदूरच्या इतिहासात एका ओळीत येतं. १९०६ मध्ये वीज आली, १९०९ मध्ये अग्निशामक दल आलं, १९१८ मध्ये गेडिस यांनी शहराचा पहिला विकास आराखडा केला. बस. ही ओळ आपण सगळ्यांनी शाळेपासून ऐकलेली आहे. या ओळीमागचा माणूस मात्र फार वेगळा होता. जन्म १८५४चा, स्कॉटलंडचा. शिक्षण जीवशास्त्राचं, तेही हक्स्ली यांच्या हाताखाली. डंडी इथल्या महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. नगररचनेची पदवी त्यांच्याकडे नव्हती. त्या काळी हे शास्त्रच नुकतं रांगायला लागलं होतं. १९१४ मध्ये ते नगररचनेचं एक मोठं प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानात यायला निघाले. प्रदर्शनाचं सामान ज्या जहाजावर होतं ते जर्मन युद्धनौका एम्डेननं बुडवलं. तरीही नवं सामान जमवून १९१५च्या सुरुवातीला मद्रासला प्रदर्शन भरलंच. पुढच्या चार-पाच वर्षांत त्यांनी इथल्या पन्नासेक गावांचे अहवाल लिहिले. बडोद्याच्या आपल्या मित्रांना १९१६चा बडोद्याचा अहवाल ठाऊक असेलच. पण त्यांचा सर्वांत मोठा अहवाल इंदूरचा. दोन खंड, १९१८ साली होळकर सरकारच्या छापखान्यात छापलेले. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि आपल्या गो. स. घुर्ये यांना विलायतेला पाठवण्यामागेही त्यांचाच शब्द होता.

इंदूरचं काम त्यांनी हाती घेतलं तो काळ त्यांच्यासाठी वाईट होता. १९१७च्या एप्रिलमध्ये मुलगा फ्रान्सच्या रणांगणावर गेला. जूनमध्ये पत्नी ॲना कलकत्त्यात वारल्या. आणि समोर होतं ते प्लेगनं हैराण झालेलं शहर.

इथं मराठी वाचकाला वीस वर्षं मागं जावं लागेल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. पुण्यात घरोघर सोल्जर घुसले, माणसं उचलून नेली, सामान रस्त्यावर जाळलं, आणि २२ जून १८९७च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. ही कहाणी आपल्याकडे देशभक्तीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण तिला दुसरीही बाजू आहे. सफाई ही बाहेरून, बूट घालून, घरात घुसणारी गोष्ट आहे हे त्या वर्षांत लोकांच्या मनात पक्कं बसलं. नळ तपासायला आलेला माणूस, घराला खडूनं खूण करणारा माणूस, नकाशा हातात घेऊन बोळात फिरणारा माणूस, हे सगळे एकाच जातीचे. आज आला, उद्या घर पाडणार.

गेडिस इंदूरच्या गल्ल्यांतून पायी हिंडत. मोजमाप स्वतः करत, अंगणात डोकावत. लोक त्यांना पाहून मागं सरकत, पोरं बोट दाखवून काहीतरी बोलत. काय म्हणतात म्हणून सोबतच्या माणसाला विचारलं तर कळलं, प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असं म्हणतात. ही हकिकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. कुणी दुसऱ्यानं सांगितली असती तर मी इतका विश्वास ठेवला नसता; स्वतःची अशी ओळख कुणी उगाच रचून सांगत नाही.

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही नगररचनेच्या पुस्तकात बसत नाही. एका दिवसासाठी मला महाराजा करा, अशी मागणी त्यांनी दरबाराकडे केली. गादीवर तेव्हा तुकोजीराव होळकर (तिसरे) होते. मागणी मान्य झाली आणि शहरात जाहीर करण्यात आलं की यंदा दिवाळीला मोठी मिरवणूक निघणार. हिंदूंच्या मिरवणुकीचा एक ठरलेला मार्ग होता, मुसलमानांच्या मिरवणुकीचा दुसरा. ही मिरवणूक दोन्ही मार्गांनी जाणार नव्हती. ज्या रस्त्यावरची घरं जास्तीत जास्त साफ केलेली, डागडुजी केलेली, रंगवलेली असतील त्या रस्त्यानं ती जाणार होती.

माझ्या मते सगळी करामत या एका अटीत आहे. बक्षीस नाही, दंड नाही, इन्स्पेक्टर नाही. मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही इच्छा मात्र प्रत्येकाला. आणि एकट्याचं घर चकाचक करून भागत नाही, कारण मिरवणूक घरावरून जात नाही, रस्त्यावरून जाते. शेजाऱ्यानं उकिरडा तसाच ठेवला तर माझा रंग फुकट. म्हणजे लोकांना एकमेकांच्या दारात जावं लागलं. आजच्या भाषेत, त्या काही आठवड्यांसाठी गल्लीगल्लीत एकेक रहिवासी संघ उभा राहिला. नाव नव्हतं, अध्यक्ष-खजिनदार नव्हते एवढंच. (इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी : आमच्याकडे जुन्या शहरातल्या आळीला बाखल म्हणतात. छीपा बाखल वगैरे नावं अजून चालू आहेत. बाखलीत एकाचा आवाज दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ऐकू जातो, त्यामुळे असली कुजबुज वेगानं पसरते.) दरबाराकडून घरातला कचरा फुकट उचलून नेण्याची सोय होती. घरं आणि अंगणं मिळून सहा हजारांवर गाड्या कचरा निघाला असं गेडिस सांगतात. उंदीरही पुष्कळ पकडले गेले.

आता मिरवणूक. अ‍ॅमेलिया डेफ्रीज या त्यांच्या शिष्येनं १९२७ मध्ये गेडिसवर पुस्तक लिहिलं, रवींद्रनाथ ठाकुरांच्या प्रस्तावनेसह. त्यात ही मिरवणूक खुद्द गेडिस यांच्या तोंडून सविस्तर आली आहे. आधी होळकरांचं घोडदळ, उंट, हत्ती, असा नेहमीचा दरबारी थाट. मग वाद्यांचा सूर एकदम बदलून रडवा झाला आणि रोगराईचे देखावे आले. राक्षस, पडक्या गलिच्छ घरांच्या प्रतिकृती, डास. त्यामागे घाणीचा वीसेक फुटी राक्षस, रावणाच्या धर्तीवर केलेला, आणि प्लेगचा अवाढव्य उंदीर. नंतर थोडी मोकळी जागा. आणि मग सूर पुन्हा बदलून शहरातले सगळे सफाई कामगार, बायका आणि पुरुष, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात फुलांच्या माळा, हातात नवे झाडू. त्यांच्या गाड्या रंगवलेल्या, बैलांची शिंगंसुद्धा रंगवलेली. त्यांच्या मागून पालिकेचे नोकर, अंमलदार, अगदी वरपर्यंतचे अधिकारी आणि स्वतः गेडिस. आणि झाडूवाल्यापासून वरिष्ठापर्यंत सर्वांच्या पागोट्यावर शहराचा एकच बिल्ला.

पुढे लक्ष्मी, तीही पांढऱ्या हत्तीवर. हत्तीला पांढरा रंग देणं किती अवघड असतं यावर गेडिस यांनी गमतीनं शेरा मारला आहे. मग ‘इंदूर नगरी’ नावाची नवीच देवता, हातात शहराच्या नव्या आराखड्याचं निशाण घेऊन. नकाशात नवे रस्ते, बागा, नदी वेगवेगळ्या रंगांत, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपली बाखल राहते की जाते ते कळावं. व्हायच्या वाचनालयाच्या, संग्रहालयाच्या, नाट्यगृहाच्या प्रतिकृती. त्यामागे कारागीर आणि व्यापारी आपापल्या मालासह. वाटेत घरोघर तुळशीची रोपं वाटली. शेवटी मैदानात राक्षस आणि उंदीर दोघांनाही पेटवलं, आणि आतषबाजी.

रावण दसऱ्याला जाळतात, दिवाळीत नव्हे, ही कुरकुर तेव्हाही कुणी केली असेल. गोव्यातल्या आपल्या वाचकांना मात्र यात काहीच वावगं वाटणार नाही. त्यांच्याकडे नरकासुर दिवाळीच्या पहाटेच जळतो. आणि मराठी घरात लक्ष्मीपूजनाच्या ताटाशेजारी नवी केरसुणी ठेवून तिला हळदकुंकू वाहतात, रात्री घर झाडून अलक्ष्मीला बाहेर काढतात. झाडू पुढे, लक्ष्मी मागे, हा क्रम आपल्या घरातला. होळकरांच्या राजधानीत मराठी घरं थोडी नव्हती; १९१७ साली तर इथं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली. गेडिस यांना या प्रथा कुणीतरी समजावून दिल्या असणार, किंवा त्यांनी कुणाच्या तरी देवघरात डोकावून पाहिलं असणार. एक फरक त्यांनी केला आणि तो छोटा नाही. आपण केरसुणीची पूजा करतो. त्यांनी केरसुणी धरणाऱ्या माणसाला माळ घातली.

आता थोडं उलटतपासणीचं. ही कहाणी सांगणारे स्वतःच कहाणीचे नायक आहेत, आणि गेडिस बोलायला फार रंगतदार होते, म्हणून ‘मिरवणुकीनं प्लेग पळवला’ असं जे सर्रास लिहिलं जातं ते मी लिहिणार नाही. प्लेगला त्याचा ऋतू असतो. तो येतो तसा ओसरतोही. पण उंदीर आणि त्याच्या अंगावरची पिसू यांचा संबंध तेव्हा सिद्ध झालेला होता, आणि अंगणातल्या अडगळीत उंदीर राहतात हे सांगायला आयोग लागत नाही. सहा हजार गाड्या अडगळ बाहेर गेली तर उंदरांची घरं मोडली, एवढं निश्चित म्हणता येतं. दुसरा परिणाम मोजता येत नाही पण माझ्या दृष्टीनं तोच मोठा आहे. मिरवणुकीनंतर लोक गेडिस यांना पाहून पळेनासे झाले.

आणि हे त्यांच्या कामाला आवश्यक होतं, कारण अहवालात ते जे सुचवत होते ते लोकांच्या संमतीशिवाय होण्यासारखं नव्हतं. त्या काळचा सरळ उपाय होता जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ता काढायचा आणि मध्ये येतील ती घरं पाडायची. गेडिस म्हणत, आधी निदान, मग उपचार, आणि उपचारही शल्यवैद्यानं जपून करावा तसा. पडकी, ओसाड दोन-चार घरं काढा, तिथं छोटा चौक होईल, एक झाड लावा, बाकी बोळ राहू द्या. खर्च कमी, माणसं बेघर होत नाहीत. त्यासाठी प्रत्येक घर जाऊन पाहावं लागतं, कार्यालयात बसून पट्टी ठेवून रेघ मारता येत नाही. आमच्या धंद्यातल्या लोकांना ही रेघ फार प्रिय. अलीकडच्या वर्षांत राजवाड्याच्या आसपासचे रस्ते रुंद करताना कितीतरी घरांचे दर्शनी भाग, सागवानी खांबांसकट, कापले गेले. तिथून जाताना मला हा अहवाल आठवतो.

गटारांचा प्रश्न हा अहवालातला दुसरा मोठा वाद, आणि माझा आवडता. शहराला विलायती पद्धतीची भूमिगत मलवाहिनी बांधावी की नाही? गेडिस यांचं मत नाही असं होतं. सगळं गटारात ढकलण्यापेक्षा सगळं मातीला परत द्या, बागांना द्या, असा त्यांचा सूर होता. हे ऐकायला भाबडं वाटतं, पण त्यामागे पाण्याचा हिशोब आहे. मलवाहिनीत घाण वाहून जायला पाण्याचा वेग सेकंदाला निदान साठेक सेंटिमीटर लागतो, दिवसातून एकदा तरी. तो मिळाला नाही तर गाळ बसतो आणि नळी तुंबते. हा वेग यायला माणशी भरपूर पाणी वापरात यावं लागतं. आज आपले नियम अशा शहराला माणशी रोज १३५ लिटर धरतात. माळव्याच्या पठारावरच्या, तलावांवर आणि विहिरींवर जगणाऱ्या त्या इंदूरकडे एवढं पाणी कुठून येणार? यशवंतसागर अजून व्हायचा होता. नर्मदा तर १९७८ मध्ये आली, तीही जलूदहून सत्तरेक किलोमीटर आणि मध्ये चढाव चढवून. पाण्याशिवाय मलवाहिनी म्हणजे जमिनीखालचा उकिरडा. म्हणून त्या काळापुरतं गेडिस यांचं गणित बरोबर होतं असं मी इंजिनिअर म्हणून सांगतो. ओला कचरा मातीत परत जावा हा त्यांचा आग्रह तर आज देवगुराडियाच्या प्रकल्पात रोज ५५० टन क्षमतेनं चालू आहे. त्यातून गॅसही निघतो आणि खतही.

पण त्या हिशोबात एक रकमेची नोंद अपुरी आहे. मलवाहिनी नाही याचा अर्थ मैला कुणीतरी उचलून नेणार. कुणीतरी म्हणजे कोण, हे शहरात सगळ्यांना माहीत होतं. गेडिस यांनाही माहीत होतं. सफाई कामगाराला बाग द्यावी, त्याचा हळूहळू माळी व्हावा, असं ते सुचवतात. सूचना मनापासूनची आहे. पण जातीनं बांधलेलं काम असं बागेच्या वाफ्यातून सुटत नसतं. डोक्यावरची टोपली खाली यायला १९९३चा कायदा लागला, तो पुरला नाही म्हणून २०१३चा लागला, आणि मलवाहिनीत माणूस उतरवण्याच्या बातम्या देशात कुठून ना कुठून अजून येतातच. त्यामुळे दिवाळीच्या त्या मिरवणुकीतली माळ मला दोन्ही तऱ्हांनी दिसते. एक दिवसाचा सन्मान, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम. आणि तरीही, १९१७-१८च्या सुमाराला, एका संस्थानात, वरिष्ठ अंमलदार आणि झाडूवाली बाई यांच्या डोक्यावर एकच बिल्ला. हे दृश्य मी आजही कुठे पाहिलेलं नाही.

मिरवणूक हे इंदूरचं आवडतं माध्यम. रंगपंचमीची गैर आहे. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात, त्यांना शंभरेक वर्षं झाली. गिरण्या बंद पडल्या तरी झांक्या निघतातच, रात्रभर लोक रस्त्यावर उभे असतात. या परंपरा कामगारांनी आणि मोहल्ल्यांनी स्वतःच्या हिमतीवर चालवल्या, त्यांचं श्रेय मी गेडिस यांना देणार नाही. उलट झालं असं म्हणा : ज्या शहराला रस्त्यावर उभं राहून बघायची सवय होती त्या शहरात त्यांनी रस्त्याचाच उपयोग करून घेतला.

२०१७पासून इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं आहे आणि आम्हा इंदूरकरांना ते कुणालाही सांगायला आवडतं, बाहेरगावच्या लग्नात तर हमखास. यात पालिकेचं काम आहे, पहाटे येणाऱ्या गाड्यांचं आहे, आणि रहिवासी संघांचंही आहे. घरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करा हे समजावत संघाच्या बायका दारोदार फिरल्या आहेत. गेडिस यांच्या जाहीरनाम्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे शेजाऱ्यानं शेजाऱ्याला सांगून साफ करणं, आपण उचलला आणि त्यांच्यापेक्षा चांगला राबवला. दुसरा अर्धा सुटला. आपल्या संघांच्या कार्यक्रमांचे फोटो पाहा. सत्कार सफाई कामगारांचा असतो, शाल-श्रीफळ असतं, आणि फोटोत ते एका रांगेत, कार्यकारिणी दुसऱ्या रांगेत. प्रभातफेरी असते, ती मुख्य रस्त्यानं, जिथं आधीच स्वच्छ आहे. मागची गल्ली, जिथून गाडी आत वळत नाही आणि जिथं चेंबरचं झाकण फुटलेलं आहे, ती फेरीत नसते. गेडिस यांनी मार्ग हा प्रश्न म्हणून लोकांपुढे टाकला होता. आपण तो आधी ठरवतो, मग साफ करतो.

आमच्या वसाहतीच्या संघात मी गेली काही वर्षं सभासद आहे. इतिहासाचा नाद असलेला माणूस समितीत असला की त्रासच असतो. यंदाच्या बैठकीत मी दोन ठराव मांडले. दिवाळीच्या फेरीत समितीचे लोक आणि आपल्याकडे काम करणारे पाच सफाई कामगार यांना सारखाच बिल्ला असावा आणि सगळ्यांनी एकत्र चालावं. आणि फेरीचा मार्ग पंधरा दिवस आधी जाहीर न करता, मागच्या दोन गल्ल्यांपैकी जी जास्त साफ होईल तिथून न्यावा. पहिला ठराव लगेच मंजूर झाला, फक्त बिल्ल्याच्या रंगावर वीस मिनिटं गेली. शेवटी कामगारांपैकी ज्या बाई सर्वांत जुन्या, त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, रंग कोणताही ठेवा, पिन मात्र चांगली लावा, मागच्या खेपेची लुगड्याला भोक पाडून गेली. दुसऱ्या ठरावावर बरीच चर्चा झाली. फुटक्या झाकणाच्या गल्लीतून म्हातारी माणसं कशी नेणार, हा आक्षेप रास्त होता. आधी झाकणं बदलू, मग कोजागिरीला दोन्ही गल्ल्या पाहून ठरवू, असं झालं. झाकणं आली आहेत, दोन बसवून झाली, तिसऱ्याचं माप चुकलं म्हणून परत पाठवलं आहे. आणि मागच्या गल्लीतल्या मंडळींनी कुणी न सांगता कोपऱ्यावरचा जुन्या टायरांचा ढीग हलवला आहे.